दुखत नसताना दाताचा एक्स-रे कशासाठी काढतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण दात साफ करून घेण्यासाठी गेला होतात, दुखत काहीच नव्हते, तरीही डॉक्टरांनी दोन छोटे एक्स-रे काढले आणि ‘दोन दाढांच्या मध्ये कीड आहे, शिवाय खालची अक्कलदाढ आडवी दिसते’ असे म्हणून ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र मोठा एक्स-रे, काढून आणायला सांगितला. हे खरोखर गरजेचे होते की बिल फुगवण्याचा प्रकार होता, त्या काळ्यापांढऱ्या चित्रात नेमके पाहायचे काय असते, आणि पाच महिन्यांच्या गरोदर पत्नीची दाढ दुखत असताना तिचा एक्स-रे काढावा का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी गेली सव्वीस वर्षे सांगलीजवळच्या एका गावात दंतवैद्य म्हणून काम करते. आपले एक्स-रे मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे आपल्या डॉक्टरांचे बरोबर की चूक, असा निवाडा मी देणार नाही. मात्र तो निर्णय आपला आपल्याला कसा पारखता येईल, हे सांगू शकेन.

मी स्वतः एक्स-रे काढण्यापूर्वी मनाशी एकच गोष्ट विचारते : या चित्रात जे दिसेल त्यामुळे मी पुढे काही वेगळे करणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो एक्स-रे काढण्याचे कारण उरत नाही. आपणही डॉक्टरांना नेमके हेच विचारावे. ‘यातून आपल्याला काय कळेल?’ एवढा साधा प्रश्न पुरतो, आणि त्याचा कोणाही सरळ डॉक्टरला राग येत नाही.

आता ‘दुखत नव्हते’ या मुद्द्याकडे येते. दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे एनॅमल, याला संवेदना नसते. कीड कवचातून आतल्या डेन्टिनमध्ये शिरून नसेच्या जवळ पोहोचेपर्यंत बहुतेकांना काहीही जाणवत नाही, आणि जाणवू लागते तेव्हा अनेकदा साध्या सिमेंटने भागण्याची वेळ टळून गेलेली असते. त्यातही दोन दाढा जिथे एकमेकींना चिकटलेल्या असतात, ती जागा आरसा आणि टोकदार सळई घेऊन कितीही शोधली तरी दिसत नाही. वरून दाढ धडधाकट, आणि शेजारणीला टेकलेल्या बाजूला आतून पोखरलेली, असे मी आठवड्यातून एकदा तरी पाहते. यासाठी जो छोटा एक्स-रे काढतात त्याला बाइटविंग म्हणतात. चित्र टिपणाऱ्या सेन्सरला लावलेली पट्टी दातांत धरून चावायची असते आणि एकाच चित्रात वरच्या व खालच्या दाढांचे माथे येतात. आपल्या तोंडात पट्टी चावायला दिली असेल, तर ते हेच होते. चावायला न देता सेन्सर आत धरून एकेका दाताचे मुळापर्यंतचे चित्र घेतले असेल, तर तो दुसरा प्रकार, ज्याला आम्ही आयओपीए म्हणतो. मध्ये लपलेली कीड शोधण्यासाठी पहिला अधिक कामाचा, मुळाच्या टोकाशी पू आहे का हे पाहण्यासाठी दुसरा.

पण बाइटविंगलाही मर्यादा आहे आणि ती रुग्णांना क्वचितच सांगितली जाते. दातातील सुमारे ३० ते ४० टक्के खनिज निघून गेल्याशिवाय ती जागा चित्रात काळसर दिसत नाही. म्हणजे दिसते त्यापेक्षा कीड प्रत्यक्षात थोडी मोठीच असते. याचा अर्थ दिसली सावली की घाला सिमेंट, असा मात्र नव्हे. सावली एनॅमलपुरतीच असेल, तर फ्लोराइड, रोजचा दोरा (फ्लॉस) आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणी, एवढ्यावर ती थांबवता येते. एनॅमलमधली पुसट रेघ पाहून लगेच ड्रिल हाती घेणाऱ्याकडे मी माझी स्वतःची दाढ देणार नाही. आपल्या चित्रात कीड डेन्टिनपर्यंत गेली आहे की नाही, हे डॉक्टरांकडून पडद्यावर बोट ठेवून दाखवून घ्या.

चित्र पाहण्याची रीत फार अवघड नाही. जे घट्ट ते किरणांना अडवते आणि पांढरे दिसते. जे मऊ किंवा पोकळ ते काळे. चांदीचे जुने सिमेंट आणि धातूची टोपी झगझगीत पांढरी, एनॅमल त्याखालोखाल, डेन्टिन राखाडी, आणि मधोमध नसेची काळसर पोकळी मुळाच्या टोकापर्यंत निमुळती होत गेलेली. मुळाभोवती एक केसाएवढी काळी रेघ असते आणि तिला लागून एक बारीक पांढरी रेघ. काळी रेघ म्हणजे दात आणि हाड यांना जोडणाऱ्या तंतूंची जागा, पांढरी म्हणजे हाडाची काठाची कड. या दोन रेघा मुळाच्या टोकापर्यंत अखंड गेल्या असतील, तर माझा जीव निम्मा भांड्यात पडतो. टोकाशी पांढरी रेघ तुटून काळा गोल तयार झाला असेल, तर तिथे जंतुसंसर्गाने हाड विरघळू लागले असावे, असा संशय येतो. दोन दातांमधल्या हाडाची उंचीही पाहावी. ते एनॅमल संपते तिथून थोडे खाली, जवळजवळ तेवढ्याच उंचीवर असायला हवे. वर्षानुवर्षे मिसरी घासणाऱ्या आजीबाईंच्या चित्रात ते कधी कधी मुळाच्या अर्ध्यावर उतरलेले असते, आणि मग ‘दात हलतो, सिमेंट भरून द्या’ या मागणीला काय उत्तर द्यावे, हे त्या चित्रावरूनच समजावता येते.

तरीही काळा गोल दिसला म्हणजे रोग, असे धरून चालू नये. हा धडा मी फजितीतून शिकले. शिक्षण संपवून एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या दवाखान्यात उमेदवारी करत होते तेव्हाची गोष्ट आहे. त्या काळी फिल्म असे, लहानशा काळ्या पेटीत हात घालून ती धुवायची आणि चिमट्याला टांगायची. एका मावशींना खाली उजवीकडे ठणका होता. ओलीच फिल्म उजेडात धरली, तर दुसऱ्या उपदाढेच्या टोकाशी चांगला वाटोळा काळा ठिपका. ‘मावशी, रूट कॅनाल करावं लागेल,’ असे मी सांगूनही टाकले. ज्येष्ठ डॉक्टरांनी फिल्म पाहिली, काही बोलले नाहीत, आणि सुईच्या टोपणात पाणी गोठवून केलेली बर्फाची कांडी त्या दाताला लावली. मावशी ‘आई गं’ म्हणून दचकल्या आणि क्षणात शांत झाल्या. दाताची नस जिवंत आणि निरोगी होती. मग त्यांनी यंत्राचा कोन बदलून दुसरी फिल्म काढायला लावली, तेव्हा तो ठिपका मुळाच्या टोकावरून बाजूला सरकलेला दिसला. खालच्या ओठाला संवेदना पुरवणारी नस जबड्याच्या हाडातून जिथे बाहेर पडते, ते नैसर्गिक छिद्रच तो ठिपका म्हणून दिसत होते. प्रत्येक माणसाला ते असते. दुखत होती ती मागची दाढ, जुन्या सिमेंटखाली तडकलेली. एक्स-रे म्हणजे सावली असते. पुढची आणि मागची वस्तू तिच्यात एकाच जागी पडतात. म्हणून तोंड न पाहता, दात न ठोकता, गार न लावता नुसत्या चित्रावरून उपचार ठरवणे मला धोक्याचे वाटते, आणि तपासणीआधीच ‘पहिल्यांदा एक्स-रे काढून या, मग बघू’ ही सरसकट पद्धतही पटत नाही.

आपल्या ओपीजीबद्दल. या तपासणीत यंत्र डोक्याभोवती फिरते आणि दोन्ही जबडे, सगळे दात, अक्कलदाढा, जबड्याचे सांधे एका लांबट चित्रात येतात. बारीक कीड शोधायला ते छोट्या एक्स-रेइतके चांगले नसते, त्यात तपशील थोडा फिसकटतो. परंतु आडव्या अक्कलदाढेसाठी छोटा सेन्सर इतका मागे नीट जातच नाही, गेला तर उलटीची उबळ येते (जिभेच्या टोकावर चिमूटभर मीठ ठेवले तर अनेकांची उबळ थांबते, एवढे लक्षात ठेवा). आपल्या डॉक्टरांना बहुधा दोन गोष्टी पाहायच्या असाव्यात : आडवी दाढ पुढच्या दाढेच्या मागच्या बाजूला टेकून तिथे कीड करते आहे का, आणि तिची मुळे खालच्या जबड्यातील नसेच्या नळीच्या किती जवळ आहेत. ती नळी चित्रात दोन समांतर पांढऱ्या रेघांसारखी दिसते. मूळ ओलांडताना त्या रेघा तुटल्या किंवा मूळ तिथे काळपट झाले, तर दाढ काढताना ओठ बधिर होण्याचा धोका वाढतो, आणि तेव्हा सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन सांगणे योग्य ठरते. मुळे दूर असतील तर स्कॅनची गरज नाही. म्हणजे अक्कलदाढ आडवी असेल तर ओपीजी सांगणे मला रास्त वाटते. फक्त दोन दाढांमधल्या किडीसाठी सांगितला असता, तर मी कारण विचारले असते.

याशिवाय रूट कॅनालमध्ये सुरुवातीचा, मुळाची लांबी मोजतानाचा आणि शेवटचा, असे दोन-चार छोटे एक्स-रे लागतात, ते टाळू नका. दातावर मार बसला, रोपण करायचे आहे, तारा लावायच्या आहेत, मुलाचा वरचा सुळा तेरा वर्षे उलटूनही आलेला नाही, या वेळीही चित्राशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या भागात आणखी एक कारण भेटते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो खाऊन तोंड दोन बोटेसुद्धा न उघडणारी तरुण मुले येतात. त्यांच्या तोंडात सेन्सर जात नाही, म्हणून नाइलाजाने ओपीजी काढावा लागतो. याउलट, ज्याला कीड नाही, हिरड्या चांगल्या आहेत अशा मोठ्या माणसाला दर सहा महिन्यांनी बाइटविंग लागत नाही. दोन-तीन वर्षांनी पुरते. ज्याला वरचेवर कीड लागते त्याला ते सहा ते अठरा महिन्यांत काढणे योग्य असते. लहान मुलांच्या दुधाच्या दाढांमध्ये फट असेल आणि बाजू डोळ्यांनी दिसत असेल, तर काढूच नये.

किरणांच्या भीतीबद्दल आकडेच सांगते. निसर्गातून, म्हणजे जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून, जगातील सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला सहा-सात मायक्रोसिव्हर्ट प्रारण मिळतच असते (सिव्हर्ट हे प्रारण मोजण्याचे एकक, आणि एका मिलिसिव्हर्टचे हजार मायक्रोसिव्हर्ट होतात). डिजिटल सेन्सरवरचा एक छोटा एक्स-रे दहा मायक्रोसिव्हर्टच्या आतला असतो, ओपीजी साधारण दहा ते पंचवीसचा. सीबीसीटी मात्र किती भागाचा आहे त्यानुसार काहीशे मायक्रोसिव्हर्टपर्यंत जाऊ शकतो, म्हणून तो उगाच काढू नये. रॉन्टगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरण शोधल्यावर अवघ्या दोन महिन्यांत जर्मनीतील ऑटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले, त्यासाठी ते पंचवीस मिनिटे किरणांत बसले होते. आज सेकंदाचा काही भाग पुरतो. ‘एवढे सुरक्षित आहे तर डॉक्टर बाहेर का पळतात?’ असे मला कित्येकांनी हसत विचारले आहे. आपले वर्षाकाठी एक-दोन एक्स-रे निघतात, मी दिवसाला दहा-बारा काढते, आणि तेही सव्वीस वर्षे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स फिल्म स्वतःच्या बोटांनी धरत असत. त्यांची आधी बोटे, मग हात आणि शेवटी सबंध बाहू कापावा लागला. बाहेर जाण्यामागे तो इतिहास आहे. शिशाच्या एप्रनबाबत सांगायचे तर, अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये दातांच्या एक्स-रेसाठी एप्रन आणि गळ्याचा पट्टा आता आवश्यक नसल्याचे सांगितले, कारण किरणांचा झोत अरुंद असतो. आपल्याकडे अजून बहुतेक ठिकाणी घालतात, घालायला हरकत नाही. ओपीजीच्या वेळी मात्र गळ्याचा पट्टा चित्रातच आडवा येतो, म्हणून तो घातला नाही तर भांडू नका.

पत्नीसंबंधी माझे मत स्पष्ट आहे. दुखणाऱ्या दाढेचा निर्णय एक्स-रेशिवाय होत नसेल, तर गरोदरपणातही एक छोटा एक्स-रे काढणे सुरक्षित मानले जाते. झोत गालावर असतो, पोटापर्यंत पोहोचणारे प्रारण नगण्य असते. तपासणीपुरते जे नेहमीचे, म्हणजे दुखत नसलेल्या दातांचे, ते बाळंतपणानंतर पाहता येईल. सुजलेली, पू झालेली दाढ मात्र बाळंतपणापर्यंत ठेवणे आई आणि बाळ दोघांनाही त्रासाचे असते, आणि चौथा ते सहावा महिना हा दातांच्या उपचारांसाठी सर्वांत सोयीचा काळ असतो, म्हणून याच आठवड्यात घेऊन जा. कितवा महिना चालू आहे आणि कोणती औषधे सुरू आहेत, ते खुर्चीत बसण्यापूर्वीच सांगा. एप्रन घालून मनाला धीर येत असेल तर मागून घ्या. आणि उपचार लांबला, चक्कर आल्यासारखे वाटले, तर खुर्चीची पाठ थोडी उंच करून डाव्या कुशीकडे कलायला सांगा.