वाचकांचे प्रश्न : गाय यायच्या आधी तिचं पाणी वाहून बघा

या वेळची बरीचशी पत्रं नव्याने रानात घर करून राहायला गेलेल्या कुटुंबांची आहेत. घर अजून बांधून होतंय, मुलं लहान आहेत आणि दारात जनावरं हवीत. आम्ही स्वतः ११ वर्षं हेच करतोय, त्यामुळे उत्तरं जरा लांबलीत, समजून घ्या.

प्रश्न : आम्ही दोघं आणि दोन मुलं, एक ७ वर्षांचा, एक ४ ची. घर अर्धंच झालंय, एका खोलीत राहतोय. नवऱ्याचं म्हणणं, गाय, शेळ्या, कोंबड्या सगळं एकदमच आणू, काय धावपळ व्हायची ती एकदाच होऊ दे. मला धास्ती वाटते. कोणाचं बरोबर?

ताई, तुमची धास्ती बरोबर आहे. आम्ही घराला दारं लागायच्या आधीच ४ शेळ्या आणि १५ कोंबड्या आणल्या होत्या, कुंपण 'पुढच्या आठवड्यात' होणार होतं. पहिल्याच रात्री शेळ्या सुटल्या आणि वर्षभर जपलेली रोपं सकाळपर्यंत नुसत्या काड्या झाली होती. दोष शेळ्यांचा नाहीच, कोवळा शेंडा दिसला की शेळी खाणारच. पण त्या सकाळी आम्ही दोघं एकमेकांवर जे ओरडलो ते अजून आठवतं, आणि मुलं बाजूला उभी राहून बघत होती.

म्हणून क्रम असा ठेवा, आधी पाणी, मग कुंपण आणि निवारा, मग जनावर, आणि ते पण एका वेळी एकाच जातीचं. पाणी पहिलं का म्हणते, तर मोठी दुभती गाय दिवसाला ५० लिटरच्या पुढे पाणी सहज पिते, उन्हाचे दिवस असले की त्याहून बरंच जास्त. १५ लिटरची बादली धरली तर चार खेपा नुसत्या पिण्याच्या, धुणं-साफसफाई वेगळी. नवऱ्याला एकच सांगा, गाय आणायच्या आधी आठवडाभर तिचं पाणी वाहून बघू. जिथे गोठा होणार आहे तिथे सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन बादल्या नेऊन ओतायच्या, पाऊस असो, अंगात कणकण असो, पाहुणे असोत. आठव्या दिवशी तुम्हा दोघांनाही कळेल की आधी गाय हवी का पाण्याची पाइप. आमच्याकडे पाइप आधी आली आणि भांडणं निम्मी झाली, खरंच सांगते.

सुरुवात कोंबड्यांनी करा. थोड्याच घ्या, ६ ते ८. त्यांच्यात चूक झाली तर ती लवकर दिसते आणि त्यांना दूध काढायचं टायमिंग नाही. एक वर्ष, म्हणजे सगळे ऋतू, त्यांच्याबरोबर काढा, मग शेळ्या. शेळी कधीच एकटी आणू नका, कळपाचं जनावर आहे ते, एकटी असली की दिवसभर ओरडून ओरडून घसा बसतो तिचा आणि खाणं सोडते. निदान दोन हव्यातच. गाय शेवटी. आणि नवीन आलेलं कुठलंही जनावर ३-४ आठवडे बाकीच्यांपासून लांब बांधायचं, त्याचं पाण्याचं भांडं वेगळं, आणि आधी जुन्यांचं काम उरकून मगच त्याच्याकडे जायचं. कंटाळवाणं आहे, पण आजार नवीन जनावराबरोबरच दावणीला येतो.

मुलांचं म्हणाल तर ७ वर्षांच्या मुलाला अंडी गोळा करणं, कोंबड्यांचं पाणी बदलणं एवढं नक्की जमतं आणि आवडतं पण. फक्त धान्याच्या पिंपाला झाकण आणि कडी पक्की हवी. मुलांना जनावराला मूठमूठ धान्य भरवायला फार आवडतं, आणि शेळीने सवय नसताना भरपूर धान्य खाल्लं तर तिच्या पोटात आम्ल वाढतं, एक-दोन दिवसात जीव जाऊ शकतो. पिंपाची कडी आमच्याकडे मोठी माणसंच उघडतात, त्यात सूट नाही.

अजून एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. सकाळी वैरण टाकायच्या आधी दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं, काही करायचं नाही. कोण पुढे आलं नाही, कोणाचे कान पडलेत, कोण रवंथ करत नाही, लेंड्या सुट्या आहेत की पातळ. वैरण पडली की सगळी एकदम गर्दी करतात आणि मग काही दिसत नाही. आमचे बहुतेक आजार याच दोन मिनिटांत लक्षात आलेत.

प्रश्न : ९ कोंबड्या होत्या, जाळी असूनही एका रात्रीत ३ गेल्या. त्यानंतर उरलेल्यांनी अंडी बंद केलीत. आजार आला असेल का?

आधी जाळी बघा. षटकोनी भोकांची पातळ जाळी असेल तर ती कोंबड्या आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. कुत्रं ती दातांनी फाडतं आणि मुंगसासारखं बारीक जनावर भोकातून नाहीतर खालून येतं. खालच्या भागाला अर्ध्या इंची वेल्ड केलेली जाळी लावा. आणि जमिनीलगत तीच जाळी बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर माती-दगड टाका, कारण उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी कडेलाच उकरतं आणि तिथे त्याच्या पंज्याला जाळी लागते. रात्री टॉर्च आत ठेवून बाहेरून खुराड्याभोवती एक चक्कर मारा, जिथून उजेड बाहेर येतो ती प्रत्येक फट बघून घ्या. छपराखालची फट तर हमखास राहून जाते.

अंड्यांचं म्हणाल तर एवढी भीती बसल्यावर कोंबड्या काही दिवस अंडी देत नाहीत, ते आजारपण नव्हे. पण जमिनीवर पिसंच पिसं पडलीत का बघा, पिसं झडायच्या काळात अंडी बंद असतात आणि नवी पिसं यायला दोन-तीन महिने लागू शकतात. दिवस लहान झाला तरी अंडी कमी होतात, भरपूर अंडी द्यायला कोंबडीला साधारण १४ तासांचा उजेड लागतो. आणि एखादी खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने, कोपऱ्यात बसली असेल, किंवा घाबरून अंडी दुसरीकडेच कुठेतरी गवतात घालत असतील, ते पण शोधा. आमच्याकडे एकदा लाकडाच्या ढिगामागे १७ अंडी सापडली होती! मात्र विष्ठेत रक्त दिसलं, मान वाकडी व्हायला लागली, किंवा एकाच वेळी दोन-तीन मलूल झाल्या तर वाट बघू नका, डॉक्टर. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस दिली नसेल तर ते पण त्यांना विचारून घ्या.

प्रश्न : आमची शेळी पहिल्यांदाच विणार आहे, घरात कोणालाच अनुभव नाही, खूप टेन्शन आलंय. किती मदत करायची?

बहुतेक वेळा काहीच नाही, आणि तेच सगळ्यात अवघड असतं. फळल्याची तारीख माहीत असेल तर तिथून १५० दिवस मोजा, चार-पाच दिवस इकडे तिकडे. कास भरते, शेपटीच्या मुळाशी खड्डे पडल्यासारखं दिसतं, ती कळपातून बाजूला होते, पाय आपटते, ऊठबस करते. आधीच कोरडी, वाऱ्याला आडोसा असलेली जागा करून ठेवा. पुढचे दोन खूर आणि त्यावर टेकलेलं नाक दिसलं की सगळं ठीक चाललंय असं समजा. जोरात कळा देऊन अर्धा तास झाला आणि पुढे काहीच सरकत नाही, किंवा नुसती शेपटी नाहीतर एकच पाय दिसतोय, तर लगेच डॉक्टरांना फोन करा, तो नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा. वार, म्हणजे पिलाला पोटात पोसणारं आवरण, काही तासांत आपोआप पडते, ती ओढायची नाही, १२ तासांत पडली नाही तर मात्र डॉक्टर. आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने विताना गोठ्यात अजिबात यायचं नाही, त्या पाण्यातून आणि वारेतून माणसाला लागणारे आजार असतात ज्यांनी पोटातल्या बाळाला धोका होतो. बाकीच्यांनीही हातमोजे घाला.

करडू बाहेर आलं की नाकातोंडावरचा चिकट पडदा पुसा, नाळेला आयोडीन लावा आणि आईला चाटू द्या. मग सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चीक, व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध. करडाला पोटात असताना आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती सगळी चिकातून येते आणि आतड्यातून ती शोषली जाते फक्त पहिल्या दिवसात, त्यातही पहिल्या काही तासांत जास्त. तासाभरात तोंडात सड गेलाच पाहिजे.

आमची पहिली वेळ सांगते. रात्रीचे दोन, प्रचंड थंडी, पहिलं करडू उठून उभं राहिलं, दुसरं आलं ते नुसतं पडलेलं. नवऱ्याने गोणपाटाने चोळ चोळ चोळलं तेव्हा शिंकल्यासारखा एक आवाज आला. मी सडाला लावत होते, ते चोखेच ना. तेव्हा फोनवर डॉक्टर म्हणाले, त्याच्या तोंडात बोट घालून बघा. बोट घातलं तर तोंड आतून गार, दगडासारखं गार. ते म्हणाले आधी ऊब, मग दूध, गार पडलेल्या पिलाला दूध पचत नाही. मग मोठ्या मुलीने त्याला स्वेटरच्या आत छातीशी धरलं, बाजूने कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून लावल्या आणि तशीच बसून राहिली, एक शब्द न बोलता. पाऊण तासाने ती म्हणाली, आई, माझं बोट चोखतंय. तेव्हा कुठे चीक पाजला. तेच करडू आज आमची सगळ्यात जास्त दूध देणारी शेळी आहे. तर तोंडात बोट घालून बघायचं, हे कुठल्याही मलूल करडासाठी लक्षात ठेवा.

प्रश्न : तीन वर्षं झाली, आम्ही चौघं एकत्र कुठेच गेलो नाही. कोणीतरी एक कायम गोठ्यात. आता बायको म्हणते विकून टाकू सगळं.

दादा, विकायच्या आधी धारेची पद्धत बदलून बघा. दोन्ही वेळा धार काढायलाच हवी असं नाही. करडं दोन-तीन आठवड्यांची आणि धडधाकट झाली की रात्री आईपासून वेगळी ठेवा, सकाळी एकदाच धार काढा आणि दिवसभर करडं आईजवळ सोडा. दूध कमी मिळतं हे खरं. पण बाहेर जायचं असेल तेव्हा करडं रात्री पण आईपाशीच ठेवायची की धारेचा प्रश्नच मिटला, मग शेजाऱ्याला फक्त वैरण-पाणी बघायचं. गाय असेल तर विण्याआधी साधारण ६० दिवस तिला आटवावीच लागते, म्हणजे धार बंद ठेवावी लागते, लांबचा प्रवास त्या दिवसांत बसवा.

शेजाऱ्याला काम तोंडी सांगून जाऊ नका. दोन दिवस त्याला सगळं करू द्या आणि तुम्ही बाजूला गप्प उभे राहा, तो जिथे अडेल तेवढंच वहीत लिहा. आणि बायकोशी एकदा नीट बसून बोला, सगळं विका म्हणजे नेमकं काय नको झालंय तिला, जनावरं की पहाटे एकटीने उठणं. आमच्याकडे पहाटे एकटीने उठणंच नको झालं होतं. तेव्हापासून आठवड्यातल्या तीन सकाळी माझ्या आणि चार नवऱ्याच्या, आणि माझी सकाळ नसली की मला कोणी उठवायचं नाही.

प्रश्न : मुलीने बोकडाच्या पिलाचं नाव ठेवलंय, रोज त्याच्याजवळ झोपते. तो विकायचा आहे. तिला काय सांगू?

खरं सांगा, आणि आजच. 'तो मित्राकडे राहायला गेला' असलं काही नको, मुलांना पुढे कळतंच आणि मग ती तुमच्या दुसऱ्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. साधारण निम्मी करडं नर असतात आणि सगळे बोकड ठेवले तर चारा पुरत नाही, शिवाय सख्ख्या नात्यात पैदास होते, हे ८ वर्षांच्या मुलीला समजतं. ती रडेल, रडू द्या, जवळ बसा. पुढच्या वेळी करडं जन्मली की त्याच दिवशी सांगायचं कोण राहणार आणि कोण जाणार, मग नाव ठेवायचं का नाही ते तिचं तिने ठरवायचं. आमच्या धाकट्याने जाणाऱ्यांची पण नावं ठेवली, सगळ्यांची, आणि एका वहीत लिहून ठेवलीत.

प्रश्न : कोंबड्यांची विष्ठा थेट भाजीच्या वाफ्यात टाकली तर चालेल का?

नाही, ताजी विष्ठा फार तीव्र असते, मुळं जळतात. कोरडा पाला किंवा भुसा भरपूर मिसळून ढीग करा, ओल राखा आणि मधून मधून उलटा. ढीग आतून हाताला चटका बसेल इतका तापला पाहिजे, मग थंड होऊन मातीसारखा वास यायला लागला की वापरा. कच्च्या खायच्या भाज्या असतील आणि चुकून ताजं खत पडलंच असेल तर तिथून काढणीपर्यंत निदान ४ महिने जाऊ द्या.