जुनी पिकअप चालता चालता बंद पडते, स्कॅनरवर कोड नाही. आता कोणता पार्ट बदलू?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: पंचवीस वर्षं जुनी, पेट्रोल इंजेक्शनची, मॅन्युअल गिअरची पिकअप. कधी आठवड्यात दोनदा बंद पडते, कधी महिनाभर एकदाही नाही. वीसेक मिनिटं उभी केली की अर्ध्या सेल्फवर सुरू होते. स्कॅनर काही दाखवत नाही. प्लग, कॉइल, फिल्टर आणि टाकीतला पंप बदलून झाला. आता क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय ही खबर देणारा) बदलावा की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), असा प्रश्न आहे.

दोन्ही नको. निदान आज तरी नको.

अधूनमधून येणाऱ्या दोषाची खोड अशी, की कुठलाही पार्ट बदलला तरी पुढचे आठ-दहा दिवस गाडी बरी चालते. ती तशीही बरीच चालणार होती. आपल्याला वाटतं इलाज लागू पडला, मग ती पुन्हा बंद पडते, मग पुढचा पार्ट. मीही हे केलंय. माझ्याकडेही अशीच एक म्हातारी पिकअप होती. कॉइल, रिले, पंप आणि शेवटी क्रँक सेन्सर असे चार नवे पार्ट घालून बसलो होतो आणि दोष या चारांत कुठेच नव्हता. कुठे होता ते पुढे सांगतो, कारण तो सापडला ती पद्धत तुमच्या कामाची आहे.

आधी बंद कशी पडते ते बघा. म्हणजे बंद पडल्यावर काय झालं हे नाही, तर बंद पडण्याच्या त्या दोन-तीन सेकंदांत काय होतं ते. चावी फिरवून बंद केल्यासारखी, एका झटक्यात, आवाजसुद्धा न करता गेली, तर संशय विजेवर: इग्निशन स्विच, मेन रिले (विजेवर चालणारा स्विच), क्रँक सेन्सर, इग्निशन मॉड्यूल (कॉइलची ठिणगी चालू-बंद करणारं), एखादं ढिलं कपलर (वायरींचा जोड). आचके देत, ताकद सोडत, ॲक्सिलरेटर दाबला तर आणखीच गुदमरत गेली, तर पेट्रोल पोहोचत नाहीये. आणि चालताना ठणठणीत, पण पाय काढून सिग्नलला थांबायला गेलं की मान टाकते, असं असेल तर विषयच वेगळा. तिथे स्लोची (आयडलिंगची) हवा बघायची: थ्रॉटल बॉडीतला कार्बन, अडकलेला आयडल व्हॉल्व्ह, तडकलेला व्हॅक्यूम पाइप, नीट न मिटणारा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह). तुमचं वर्णन या शेवटच्या प्रकारात बसत नाही, म्हणून ते इथेच सोडतो. (कुणाची ऑटोमॅटिक असेल आणि नेमकी थांबताना बंद पडत असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप सुटत नाहीये का तेही बघा. क्लच न दाबता ब्रेक मारल्यासारखा प्रकार असतो तो.)

तुमची गाडी मॅन्युअल आहे हा फायदा समजा. बंद पडली आणि अजून गिअरमध्ये घरंगळतेय, तर चाकं इंजिनला फिरवतच असतात. म्हणजे आरपीएमचा काटा वर असायला हवा. इंजिन फिरतंय आणि काटा मात्र फटकन शून्यावर पडलाय, तर फिरण्याची खबर पुढे जात नाहीये: क्रँक सेन्सर, त्याची वायर, किंवा जुन्या गाड्यांत काटा कॉइलवरून सिग्नल घेत असेल तर इग्निशनची बाजू. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू खाली आला, तर ती बाजू बहुधा ठीक आहे, पेट्रोलकडे वळा. रस्ता मोकळा असेल तेव्हाच हे बघा. एरवी शेजारी कुणाला तरी बसवा आणि त्याला काट्यावर नजर ठेवायला सांगा.

लगे हात एक सावधगिरीची गोष्ट. इंजिन गेलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. ब्रेक सारखा सारखा मारू नका, एकदाच दाबून धरा. आणि चालत्या गाडीत चावी लॉकपर्यंत मागे नेऊ नका, स्टिअरिंग अडकेल. हा दोष सापडेपर्यंत मी तुमच्या जागी असतो तर ती गाडी हायवेवर काढली नसती.

आता ‘वीस मिनिटांनी सुरू होते’ याबद्दल. हे ऐकलं की दहातले नऊ मिस्त्री म्हणतात, क्रँक सेन्सर. चूक म्हणता येत नाही. या सेन्सरच्या आतली तार तापली की तुटते आणि गार झाली की जुळते, हे खरंच घडतं. इग्निशन मॉड्यूलचंही तसंच. फोर्डने १९८० च्या दशकापासून कित्येक गाड्यांत हे मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) अंगावर बसवलं होतं, म्हणजे इंजिनच्या ऐन धगीत. ते तापून गाड्या बंद पडतात यावरून खटला चालला आणि २००० साली कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशाने त्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिला. तेव्हा उष्णतेचा संशय फुकाचा नाही.

पण थांबल्यावर बऱ्या होणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत. टाकीत गंजाचे पापुद्रे किंवा गाळ असेल तर तो पंपाच्या तोंडाच्या जाळीवर ओढला जाऊन चिकटतो. इंजिन बंद झालं की ओढ संपते, कचरा खाली बसतो, गाडी सुरू. टाकीचा श्वास कोंडला असेल तर आत व्हॅक्यूम तयार होतो, तो हळूहळू भरून निघतो, गाडी सुरू. याची परीक्षा अगदी सोपी: बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. जोरात ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकण आणि व्हेंटचा पाइप तपासा. रिलेच्या आतला सोल्डर तडकलेला असेल तर तोही तापला की सुटतो आणि निवला की जुळतो. आणि ढिला जोड? तोसुद्धा नेमकं हेच करतो. म्हणून वीस मिनिटांवरून काहीच सिद्ध होत नाही.

चावीचीही एक तपासणी करून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. इंजिन स्लोवर ठेवा आणि चावी न फिरवता नुसती वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. जुन्या स्विचचे पॉइंट झिजलेले असले की एवढ्यानेही इंजिन अडखळतं. चावीला जड जुडगा लटकत असेल तर काढून ठेवा. जनरल मोटर्सने २०१४ मध्ये जगभरातून सुमारे २६ लाख छोट्या गाड्या परत बोलावल्या त्या याच कारणाने: धक्क्याने किंवा जुडग्याच्या वजनाने चावी ‘रन’वरून ‘ॲक्सेसरी’वर सरकायची, इंजिन बंद व्हायचं आणि एअरबॅगही निकामी. कंपनीच्या भरपाई निधीने त्यातले १२४ मृत्यू मान्य केले.

आता मुद्द्याचं काम. दोष तुमच्यासमोर घडतो तेव्हा हातात मीटर नसतो आणि मीटर हातात असतो तेव्हा गाडी शहाण्यासारखी चालते. त्यामुळे पहारेकरी आधीच बसवून ठेवावा लागतो. मी बारा व्होल्टचे दोन छोटे बल्ब घेतले, डॅशबोर्डच्या दिव्यांसारखे. एकाची वायर कॉइलला येणाऱ्या पॉझिटिव्हवर, दुसऱ्याची पंपाच्या रिलेतून पंपाकडे जाणाऱ्या वायरवर. दोन्ही वायरींत एक-दोन अँपिअरचा फ्यूज. दोन्हीची अर्थिंगची (निगेटिव्ह) वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, बॉडीला नाही. वायरी बोनेटमधून आत घेऊन बल्ब स्पीडोमीटरच्या काचेवर टेपने चिकटवले. एलईडी मुद्दाम लावली नाही, कारण ती गळक्या व्होल्टेजवरही पेटते. बल्बला थोडा तरी करंट लागतो, म्हणून तो सहसा फसवत नाही.

याचा अर्थ असा लावायचा. बंद पडताना दोन्ही बल्ब गेले, तर वीज मुळातूनच तुटली: इग्निशन स्विच, मेन रिले, बॅटरीकडून येणारी मोठी वायर. फक्त पंपाचा गेला, तर पंपाचा रिले किंवा त्याला हुकूम देणारा ईसीयू. मात्र क्रँकचा सिग्नल थांबला की ईसीयू स्वतःच पंप बंद करतो, म्हणून इथे काट्याची साक्ष लागते. काटा आधी पडला आणि बल्ब सेकंदभराने गेला, तर क्रँककडे जा. काटा ठीक आणि बल्ब गेला, तर रिलेकडे. आणि दोन्ही बल्ब पेटलेले राहून गाडी मेली, तर वीज पंपापर्यंत निघाली आहे पण काम होत नाहीये. मग पंप, त्याची अर्थिंगची वायर, मधलं एखादं कपलर, जाळी किंवा फिल्टर.

माझ्या गाडीत अकरा दिवस काही झालं नाही. बाराव्या दिवशी हौद्यात वाळूची पोती होती, खड्ड्यातून गेलो आणि इंजिन आचके देऊन गेलं. दोन्ही बल्ब पेटलेले. खाली उतरलो, चावी बंद करून पुन्हा ऑन केली आणि टाकीच्या तोंडाशी कान लावला. चावी ऑन केल्यावर पंपाची दोनेक सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. चिडीचूप. पंप नवा, वीज येतेय, तरी गप्प. मग मागे गाडीखाली सरपटत जाऊन पंपाच्या काळ्या (अर्थच्या) वायरीला पिन टोचली, तिथून एक वायर चासीच्या खरवडून स्वच्छ केलेल्या बोल्टला लावली आणि पोराला चावी ऑन करायला सांगितलं. पंप गुणगुणला.

अर्थचा लग (वायरीच्या टोकाचं, बोल्टखाली बसणारं धातूचं कडं) हौद्याखाली, चासीच्या आडव्या पट्टीवर, मागच्या चाकाच्या चिखलाच्या माऱ्यात होता. वरून रबर टोपी होती म्हणून चांगला दिसायचा. टोपी सरकवली तर आत हिरवी पूड. तांब्याचे तीन-चार धागे तेवढे धरून होते. हौदा भरला की चासी वाकायची, ते धागे ताणले जायचे, जोड तापायचा आणि सुटायचा. गाडी उभी राहिली की निवून पुन्हा टेकायचा. रिकाम्या गाडीत गॅरेजमध्ये तो कुणालाच सापडला नसता. पंप बदलताना मिस्त्रीने कपलर काढून पुन्हा लावलं होतं, पण अर्थचा लग कपलरपासून हातभर पुढे होता. तिथवर कोण जातं? तो जोड कापला, नवा लग क्रिंप करून सोल्डर केला, चासीचा रंग खरवडून लोखंडाला लोखंड भिडवलं आणि वरून ग्रीस.

हे आधीच मोजता आलं असतं, याची अजून हळहळ वाटते. पंप चालू असताना मीटरची एक पिन पंपाच्या काळ्या वायरीवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.२ व्होल्टपर्यंत चांगलं. माझ्याकडे हौदा भरलेला असताना तिथे तीन व्होल्टच्या वर दिसत होते, म्हणजे पंपाला बारातले जेमतेम नऊ मिळत होते. नुसता रेझिस्टन्स मोजून हे कळत नाही, कारण एक धागा शिल्लक असला तरी मीटर ‘ठीक’ म्हणतो. करंट वाहता असतानाच मोजायला हवं.

तेव्हा तुमच्या गाडीवर मी या क्रमाने जाईन. आज: बॅटरीची टर्मिनल्स, इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते चासी असे सगळे अर्थ, चावीची ती हलवाहलवी, पंपाच्या अर्थचं मोजमाप, तेही हौद्यात वजन ठेवून. इंजिन स्लोवर ठेवून हार्नेस (वायरींची जुडी) थोडा थोडा हाताने हलवत जा, विशेषतः जिथे तो धातूच्या कडेवरून वळतो किंवा एक्झॉस्टजवळून जातो. उद्या: दोन बल्ब. रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर) टेस्ट व्हॉल्व्ह असेल तर जाणकाराकडून प्रेशर गेजही लावून घ्या. मल्टीपॉइंट इंजेक्शनला साधारण अडीच ते चार बार लागतात, पण तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा तोच खरा. गेजचा पाइप मात्र चालत्या गाडीत केबिनमध्ये आणू नका.

क्रँक सेन्सरवरचा संशय जात नसेल तर बदलण्याआधी त्याला छळून बघा. गार इंजिन स्लोवर ठेवून सेन्सरवर हेअर ड्रायरची गरम हवा सोडा, पंखे आणि पट्ट्यांपासून हात लांब ठेवून. बंद पडली की त्याच सेन्सरवर थोडं गार पाणी ओता. लगेच सुरू झाली, तर खुशाल बदला, गुन्हेगार तोच. दोन वायरींचा सेन्सर असेल तर गार आणि गरम असताना त्याचा रेझिस्टन्स मोजून तुलना करता येते. तापल्यावर मीटरने ‘ओपन’ दाखवलं की विषय संपला. तीन वायरींच्या हॉल सेन्सरवर ओहम मोजण्यात अर्थ नाही, काही मॉडेलमध्ये तो बिघडूही शकतो.

ईसीयू सगळ्यात शेवटी, आणि तोही दुसऱ्या गाडीवरचा आणून लावून बघितल्याशिवाय विकत घेऊ नका. काही मॉडेलमध्ये चावीच्या चिपशी जोडणी असते, तिथे दुसरा ईसीयू तसाच चालत नाही हे आधी विचारून घ्या.

तुमच्या वर्णनात एक गोष्ट राहिली आहे: बंद पडली त्या वेळी हौदा भरलेला होता की रिकामा, आणि टाकीत पेट्रोल किती होतं. मागचे चार-पाच प्रसंग आठवून लिहून काढा. दर वेळी टाकी पाव भागाखाली असेल तर बल्ब लावण्याआधी टाकी उतरवून जाळी बघा. दर वेळी वजन असेल तर सरळ हौद्याखाली जा, आणि रबर टोपी सरकवल्याशिवाय कुठल्याही लगवर विश्वास ठेवू नका.