पांढऱ्या कोटातला फ्रेंच शिपाई: चित्रावर किती भरवसा ठेवायचा?

नेपोलियनच्या फ्रेंच पायदळाच्या 28 मिलिमीटर फिगर, म्हणजे छोट्या सैनिकांच्या बाहुल्या, रंगवायला घेतल्यात, सगळीकडे निळे कोट दिसतात, पण एका जुन्या चित्रात पांढरा कोट आणि गुलाबी कॉलर असलेला फ्रेंच शिपाई सापडला, तर ही चित्रकाराची चूक का, असं तुम्ही विचारलंय. चूक असेलच असं नाही. पण म्हणून अख्खी बटालियन पांढरी करायला बसू नका.

भानगड निळीची आहे. क्रांतीपूर्वी फ्रान्सला नीळ मिळायची ती मुख्यतः सॅन डोमिंग या कॅरिबियन वसाहतीतून. तिथे 1791 मध्ये गुलामांचा उठाव झाला आणि 1804 मध्ये स्वतंत्र हैती उभा राहिला. दुसरी मोठी नीळ बंगालची, ती इंग्रजांच्या ताब्यात, आणि समुद्रावरही त्यांचाच पहारा. लाखो कोट निळे रंगवायचे कशाने? म्हणून 1806 मध्ये आदेश निघाला की लाइन इन्फंट्रीने, म्हणजे नेहमीच्या पायदळाने, पुन्हा पांढरा कोट घालावा. पुन्हा अशासाठी, की राजेशाहीतलं फ्रेंच पायदळ पांढऱ्यातच होतं. कॉलर, कफ आणि लॅपल, म्हणजे कोटाच्या छातीवरच्या दुमडलेल्या पट्ट्या, यांचे रंग रेजिमेंटच्या क्रमांकानुसार वाटून दिले. त्या यादीत गुलाबी होता, जांभळा होता, लोखंडी करडासुद्धा होता. मोजक्याच रेजिमेंटना हे कोट मिळाले आणि 1807 मध्ये आदेश मागे घेतला गेला. एलाऊच्या लढाईत बर्फात पांढऱ्या कापडावरचं रक्त बघून नेपोलियन हादरला, हा किस्सा जो तो सांगतो. मला विचाराल तर मळ आणि खर्च ही कारणं जास्त पटतात.

तेव्हा आधी तुमची लढाई आणि साल पक्कं करा. 1805 चं ऑस्टरलिट्झ असेल तर निळा. 1807 असेल तर रेजिमेंट बघून पांढरा चालेल. 1812 च्या नव्या नियमावलीनंतर, म्हणजे वॉटर्लूलाही, निळाच. चित्रात पांढरा कोट, किरमिजी लॅपल आणि डोक्यावर अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी असेल तर तो लाइनचा शिपाई नव्हे. तो नेपोलियनच्या खास इम्पीरियल गार्ड दलातला डच ग्रेनेडियर शिपाई, 1810 मध्ये हॉलंड फ्रान्सला जोडल्यानंतरचा.

आता चित्राकडे वळू. माझा पहिला प्रश्न नेहमी हाच: रंग कागदावर कधी लागला आणि कोणी लावला? हॅम्बुर्गच्या क्रिस्टोफ झूरने शहरातून जाणारे सैनिक स्वतः पाहून काढले. त्याच्या चित्रांत 1807-08 च्या सुमारास आलेले स्पॅनिश सैनिक बायकापोरांसकट दिसतात. असं चित्र मी वरच्या रांगेत ठेवतो. पॅरिसच्या मार्तिनेची छापील चित्रंही त्याच काळातली, पण छापली जायची फक्त रेघ. रंग नंतर हाताने भरायचे, त्यामुळे एकाच प्लेटच्या दोन प्रतींत कफ वेगवेगळ्या रंगांचे निघू शकतात. एका प्रतीवर विसंबू नका. जर्मनीच्या रिचर्ड क्न्योटेलच्या प्लेट 1890 पासूनच्या. माणूस अभ्यासू, पण त्याने जे काढलं ते दुसऱ्यांच्या नोंदींवरून.

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा व्हिंकहॉयझेन संग्रह नेटवर फुकट आहे, म्हणून सगळे आधी तिथेच जातात. 32 हजारांहून जास्त चित्रं! हा डच डॉक्टर पुस्तकांतली पानं कापून देशवार वह्यांत चिकटवायचा आणि काही चित्रं स्वतःच रंगवायचा. मूळ पुस्तक कोणतं, हे पुष्कळदा कळतच नाही. तिथे चित्र आवडलं तर त्याची मूळ प्रत शोधा. ब्राउन विद्यापीठाचा अॅन ब्राउन लष्करी संग्रह त्यासाठी बरा. शिशाच्या जुन्या सैनिकांचाही तिथे मोठा साठा आहे, फक्त शिशाचा सैनिक कोणत्या दशकात रंगवला हे बघून घ्यायचं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांचा वकील मॅलेट 1790 चा तह करतोय, ते प्रसिद्ध तैलचित्र. त्याची तयारी केली पुण्यात जेम्स वेल्सने. तो 1795 मध्ये वारला आणि थॉमस डॅनियलने लंडनमध्ये चित्र पुरं केलं 1805 मध्ये. त्यातल्या अंगरख्याचा रंग 1790 चा पुरावा म्हणून डोळे मिटून घेता येईल का?

स्कॅन उघडलंत की लगेच कोटाकडे बघू नका. आधी कागदाचा कोरा समास बघा. तो पिवळट असेल तर सगळंच चित्र तेवढं पिवळं झालंय. मग शाकोवरचा, म्हणजे उंच लष्करी टोपीवरचा, कोकार्ड हा गोल बिल्ला झूम करा. तो तिरंगी, म्हणजे त्या कागदावरचा निळा, पांढरा आणि लाल आज कसा दिसतो याचा नमुना आयताच मिळतो. कोकार्डचा लाल विटून गुलाबी झाला असेल, तर तुमची गुलाबी कॉलरही मुळात लाल असण्याची दाट शक्यता आहे. लाल ठणठणीत आणि कॉलर तेवढी गुलाबी, तर ती गुलाबीच असावी. मात्र दोन्हीकडे लाल एकच वापरला होता का, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. कारमाइन हा किरमिजी लाल उजेडाने उडतो, शेंदूर काळवंडतो. शिशाचा सफेदा हवेतल्या गंधकाने करडा-काळा पडतो, म्हणून पट्ट्यांवर काळे डाग दिसले तर ती बऱ्याचदा मुळातली पांढरी झळाळी असते.

रंगवताना डब्यावरच्या नावाला भुलू नका. डार्क प्रशियन ब्लू एवढ्याशा फिगरवर काळा दिसतो, तो एक-दोन पायऱ्या उजळ करून घ्या. पांढरा कोट लोकरीचा, तेव्हा शुद्ध पांढरा फक्त कडांच्या हायलाइटला ठेवा आणि बेसला सायीसारखा रंग घ्या. रेजिमेंटचा क्रमांक आणि चित्राची लिंक द्या, कॉलरचं लगेच बघून सांगतो.