कानाने वाचायचा कोड

प्रश्न (परभणी, प्राध्यापिका): आमच्या वर्गातील एक अंध विद्यार्थी पायथन शिकतो आहे. या भाषेत ओळ किती आत सरकली आहे यावर प्रोग्रामचा अर्थ ठरतो. ते त्याला कसे कळावे?

उत्तर: कानाने कळते, मात्र आधी स्क्रीन रीडरची, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामची, घडी बसवावी लागते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मूळ स्थितीत बरीच विरामचिन्हे गिळतो, कारण बातमी ऐकताना ती टोचतात. कोडमध्ये मात्र गिळलेला एक कोलन अख्खी दुपार खातो. म्हणून एनव्हीडीएची कळ धरून पी दाबत विरामचिन्हांची पातळी ‘सर्व’वर न्यावी. मग ओळ अशी ऐकू येते: ‘इफ, ए, लेफ्ट ब्रॅकेट, आय, राइट ब्रॅकेट, ग्रेटर, झिरो, कोलन’. ओळीआधीची मोकळी जागा ‘चार स्पेस’ असे उच्चारून किंवा सुराने सांगण्याची सोयही सेटिंग्जमध्ये आहे. मला स्वतःला सूर बरा वाटतो: प्रत्येक स्पेसगणिक तो चढतो, जागा बदलली तरच वाजतो, आणि लूप (पुन्हा पुन्हा चालणारा कोडचा भाग) संपून ओळ बाहेर आली की पेटीवरचे बोट मागे सरकावे तसा उतरतो. टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ डोळस विद्यार्थ्याच्या नजरेतून सहज निसटते. उच्चार चालू ठेवणाऱ्याच्या कानातून ती निसटत नाही. आपण एवढेच करावे, की फळ्याकडे बोट दाखवून ‘ही ओळ’ न म्हणता ओळीचा क्रमांक सांगावा, आणि कोडचा फोटो न पाठवता मजकूर पाठवावा.

प्रश्न (उदगीर, पालक): माझ्या अंध मुलीला संगणक अभियांत्रिकीला जायचे आहे. तिला हजार हजार ओळी पाठ कराव्या लागतील का?

उत्तर: नाही. डोळस माणूस नजर फिरवतो, आम्ही उड्या मारतो. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबले की फाइलमधील फंक्शनांची (एकेक काम करणाऱ्या, नाव दिलेल्या कोडच्या तुकड्यांची) यादी मिळते, एफ१२ने फंक्शनच्या मूळ जागी आणि एफ८ने पुढच्या चुकीवर जाता येते. लक्षात ठेवायचे ते कोणते काम कोणत्या फाइलीत आहे एवढेच. पुण्यात वाढलेले आणि चौदाव्या वर्षी दृष्टी गेलेले टी. व्ही. रामन यांनी १९९५ मध्ये ईमॅकस्पीक तयार केले; ते ईमॅक्स या कोड लिहिण्याच्या प्रोग्रामला बोलते करते. त्यात कोडमधील टिप्पणी एका आवाजात तर भाषेचे राखीव शब्द दुसऱ्या आवाजात ऐकू येतात. डोळसांना रंगांनी जे कळते, ते इथे आवाजाने कळते.

प्रश्न (आष्टी, अंध विद्यार्थी): चुलतभावाचा स्क्रीन फुटलेला लॅपटॉप मिळतो आहे. घ्यावा का?

उत्तर: कीबोर्ड आणि स्पीकर शाबूत असतील तर जरूर घ्या. पडदा बंद ठेवला तर लाईट गेल्यावर बॅटरीही जास्त टिकेल. एनव्हीडीए मोफत आहे. तोवर कंट्रोल, विंडोज आणि एंटर दाबून विंडोजचाच नॅरेटर सुरू करावा. विंडोज सुरू होण्यापूर्वीच यंत्र अडले तर मात्र ते बोलत नाही, तेव्हा बाहेरचा मॉनिटर जोडून एखाद्या डोळस मित्राला शेजारी बसवावे लागेल.