डिमरवरची काळी वायर न्यूट्रलच असते का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: हॉलमधला दिवा कमी-जास्त करणारा जुना डिमर काढलात, त्यावर एक लाल आणि एक काळी वायर होती. बॉक्सच्या तळाशी आणखी काही काळ्या वायरी एकत्र पिळून, टेप गुंडाळून दाबून बसवल्या आहेत. नव्या डिमरला दोनच टर्मिनल. काळी म्हणजे न्यूट्रल, वीज परत नेणारी, तेव्हा ती त्या जुडग्यात जोडायची का, असं तुम्ही विचारताय.

नका जोडू. डिमरवर असलेली ती काळी वायर बहुतेक न्यूट्रल नाहीच.

आपल्याकडे साध्या डिमरला न्यूट्रल लागतच नाही. फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, एमसीबीतून (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या बटणातून) बोर्डात येते, बटणातून डिमरवर जाते आणि डिमरच्या दुसऱ्या टर्मिनलवरून पाईपातून वर दिव्याकडे. न्यूट्रल थेट दिव्याला मिळतो, बोर्डात तो फक्त सॉकेटला आणि इंडिकेटरला लागतो. म्हणजे डिमरच्या दोन्ही वायरी फेजच्याच बाजूच्या, एक येणारी आणि एक जाणारी. लाल-पिवळी-निळी फेजला, काळी न्यूट्रलला, हिरवी अर्थिंगला हा नियम वायरमनला ठाऊक असतो, पण पाईपात वायर ओढताना लाल कॉईल संपली की हाताशी असेल ती जाते. जुन्या बिल्डिंगांमध्ये दिव्याकडे जाणारी वायर काळी निघणं हे मला नेहमीचंच आहे.

आता ही काळी जुडग्यात गेली तर काय होईल? दिव्याला दोन्हीकडून न्यूट्रल, दिवा लागणार नाही, एवढंच. खरा धोका त्यापुढचा आहे. दिवा लागत नाही म्हणून माणूस जुडग्यातली एखादी वायर डिमरच्या रिकाम्या टर्मिनलला लावून बघतो. मग एका बाजूला फेज, दुसऱ्या बाजूला न्यूट्रल आणि मध्ये दिवा नाही. सरळ शॉर्ट. नशीब बरं असेल तर एमसीबी पडते, डिमर मात्र जळतोच.

वायर ओळखण्याआधी लाईन बंद करा, आणि इथे घरात इन्व्हर्टर असेल तर जास्त जपा. हॉलचा दिवा हमखास इन्व्हर्टरवर असतो. मेन एमसीबी पाडलीत की इन्व्हर्टर लगेच हाती घेतो आणि बोर्डात २३० व्होल्ट जसेच्या तसे राहतात. नुसता इन्व्हर्टर बंद केलात तर मेनची लाईन त्यातून आरपार येत राहते. म्हणून दोन्ही बंद हवेत: मेन आणि इन्व्हर्टरचं पुढचं बटण. डिमरचा नॉब शून्यावर आणणं म्हणजे लाईन बंद करणं नव्हे, त्यातून थोडा करंट झिरपत असतोच.

टेस्टरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो का पाहा, मग लाईन बंद करून बॉक्समधल्या प्रत्येक वायरीला लावा, आणि नंतर लाईन आल्यावर पुन्हा त्याच सॉकेटमध्ये. भर उन्हाच्या खोलीत टेस्टरमधला छोटा निऑन दिवा पेटलेला असूनही दिसत नाही, हाताची ओंजळ करून बघावं लागतं.

लाईन बंद असताना आधी डोळ्यांनी शोधा. डिमरवरच्या दोनपैकी एक वायर आखूड असेल, बॉक्सच्या आतच वळून शेजारच्या बटणाच्या स्क्रूला गेलेली. ती येणारी फेज, तुमच्याकडे बहुधा लाल. दुसरी वायर पाईपात शिरते, ती दिव्याची. बहुतेक बोर्डांत ओळखण्याचं काम इथेच संपतं, त्यासाठी टेस्टरची गरजही पडत नाही.

वायरींचा गुंता असेल आणि डोळ्यांनी कळत नसेल तरच पुढचं करा. दोन्ही टोकं वेगवेगळ्या कनेक्टरमध्ये घट्ट करून एकमेकांपासून लांब ठेवा, दिवा होल्डरमध्ये राहू द्या, मग लाईन सुरू करा. बटण बंद असताना दोन्हींवर टेस्टर विझलेला हवा. बटण चालू केल्यावर एकीवर पेटायला हवा, ती येणारी. बटण बंद असतानाही एखादीवर पेटत असेल तर बटण फेजवर नसून न्यूट्रलवर बसवलेलं असू शकतं. जुन्या वायरिंगमध्ये असं सापडतं आणि ते वाईट, कारण बटण बंद करून बल्ब बदलतानाही होल्डरमध्ये फेज असते. बटण चालू असताना दोन्हींवर पेटला तर दिव्याचा न्यूट्रल कुठेतरी तुटलेला असू शकतो. या दोन्ही अवस्थांत डिमर बाजूला ठेवा आणि परवाना असलेल्या वायरमनला बोलवा. चालू लाईनवर हात घालायची भीती वाटत असेल तर हा भागही त्याच्यावरच सोपवा, त्यात कमीपणा काही नाही.

बसवण्यात विशेष काही नाही. साध्या डिमरला दोन वायरी उलटसुलट लागल्या तरी सहसा फरक पडत नाही, पण मागे बाण किंवा खूण छापलेली असेल तर तीच पाळा. तांब्याच्या तारा नीट पिळून टर्मिनलमध्ये पूर्ण आत घाला, एकही तार बाहेर डोकावता कामा नये, आणि स्क्रू आवळल्यावर वायर ओढून बघा. जुन्या डिमरच्या स्क्रूपाशी वायरीचं कव्हर काळं पडून कडक झालं असेल तर तेवढं टोक कापून नवीन सोला. तो स्क्रू बराच काळ ढिला होता याची ती खूण आहे.

दुकानात मात्र एक गोष्ट जपा. डिमर मागितला की पंख्याचा रेग्युलेटर हातात देणारे बरेच आहेत. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. नॉबवर टप्पे असतील आणि प्रत्येक टप्प्याला तो खटकन बसत असेल तर तो पंख्याचा, आत कपॅसिटर असतात, दिव्याला तो चालत नाही.

तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय की दिवा मिणमिणायचा म्हणून डिमर काढला. दिवा एलईडी असेल तर दोष कदाचित डिमरचा नव्हताच. डिमर दर अर्ध्या लहरीचा काही भाग कापून दिवा मंद करतो. जुन्या फिलामेंटच्या बल्बला ते चालायचं, साध्या एलईडीतल्या सर्किटला झेपत नाही. शिवाय डिमरवरचा ६५० वॉटचा आकडा फिलामेंटच्या बल्बसाठी असतो आणि ९ वॉटचा एकच एलईडी त्याला फार कमी पडतो. नवीन डिमर बसवूनही मिणमिणणं तसंच राहील. एलईडीच्या खोक्यावर डिमेबल असं छापलेलं नसेल तर मी तरी डिमर घेणार नाही: लाईन बंद करून त्या दोन वायरी, ती लाल आणि ती काळी, कनेक्टरमध्ये एकत्र जोडा आणि डिमरच्या जागी बोर्डात कोरी पट्टी बसवा. दिवा बटणावर पूर्ण लागेल. जुडग्यातल्या काळ्या वायरींना हात लावायची गरज पडणार नाही.