अमेरिकी कंट्री संगीताच्या रसिकाने प्रागला गेल्यावर चेक कंट्री संगीत ऐकण्यास कोठून सुरुवात करावी?

'ग्रीनहॉर्न्स' या वाद्यवृंदापासून आणि त्यातून पुढे आलेले गायक मिखाल तुचनी यांच्यापासून सुरुवात करावी, कारण त्यांच्या अनेक गाण्यांत ओळखीच्या अमेरिकी चालींवर चेक शब्द बसवलेले असल्याने भाषा येत नसली तरी गाणे परके वाटत नाही. १९६४ मध्ये अमेरिकी लोकगायक पीट सीगर चेकोस्लोव्हाकियात आले, तेव्हा त्यांच्या हातातील पाच तारांचा बँजो पाहून चेक वादक मार्को चेर्माक यांनी छायाचित्रांच्या आधारे तसेच वाद्य स्वतः घडवले आणि पुढे ते 'ग्रीनहॉर्न्स'मध्ये वाजवले. मात्र याला केवळ अमेरिकेची नक्कल समजू नये. शनिवार-रविवारी रानात जाऊन शेकोटीभोवती गिटारवर गाण्याची तेथील 'ट्रॅम्प' परंपरा पहिल्या महायुद्धानंतरची, म्हणजे सीगर यांच्या भेटीच्या बरीच आधीची आहे, आणि माझ्या मते खरा चेक स्वर तिच्यातच सापडतो.