‘आंतरिक आनंद’ की ‘करमणं’?

प्रश्न थोडक्यात असा: दारू सोडलेल्यांसाठीच्या एका माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद चालू आहे. मूळ मजकुरात ‘इनर हॅपिनेस’ दर परिच्छेदात येतं. त्याला ‘आंतरिक आनंद’ केलं, तर वाचणाऱ्यांना ते प्रवचन वाटतं. दुसरा शब्द सुचवाल का?

एका शब्दाने भागणार नाही. ‘आनंद’ मराठीत बहुधा काहीतरी घडल्यावर होतो. निकाल लागला, आनंद झाला. नात झाली, आनंद झाला. दारू सोडल्याच्या दुसऱ्या महिन्यात, मंगळवारी संध्याकाळी सात वाजता, असं काहीच घडलेलं नसतं. त्या वेळी कसं वाटतंय विचारा. ‘मी दुःखी आहे’ असं कोणी म्हणत नाही. उत्तर येतं, ‘करमत नाही.’

तुमच्या पत्रकाला हा शब्द हवा आहे. ‘करमणे’ला माणूस कर्ता म्हणून चालत नाही. ‘मी करमतो’ होत नाही, ‘मला करमतं’ होतं. ‘मळमळतं’च्या पंगतीतलं क्रियापद आहे हे. म्हणून त्याला आज्ञार्थही नाही. ‘मळमळ’ अशी आज्ञा जशी देता येत नाही, तसंच. ‘आनंदी राहा’ हे वाक्य व्याकरणात बसतं आणि माणसाला बसत नाही. वर्षानुवर्षं दारूला सरावलेल्या मेंदूत डोपामिनची, म्हणजे एखाद्या गोष्टीची गोडी वाटायला लावणाऱ्या रसायनाची, यंत्रणा बोथट झालेली असते. चहा, गप्पा, क्रिकेटची मॅच एवढ्याने ती हलत नाही. पूर्ववत व्हायला तिला आठवडे, बऱ्याचदा महिने लागतात. वैद्यकात या अवस्थेला अनहेडोनिया म्हणतात. त्याला ‘निरानंदता’ वगैरे नाणं पाडू नका, ‘कशातच मन लागत नाही’ हे पुरेसं नेमकं आहे. आणि हे तात्पुरतं असतं, हे त्याच ओळीत लिहा. नाहीतर पत्रकाने कबूल केलेला आनंद मिळेना, म्हणजे उपचार फसले, असा हिशेब होतो. पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘घेतल्याशिवाय करमत नाही.’ पिण्याआधीही हेच क्रियापद होतं, हे लक्षात घ्या.

पहिल्या आठवड्यासाठी मात्र ‘करमत नाही’ वापरू नका, तिथे ‘बरं वाटत नाही’ हवं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं की पहिल्याच दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. आकडी येते ती बहुधा पहिल्या 48 तासांत. भास आणि भ्रम साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, आणि ते जिवावर बेतू शकतात. ही मनाची तक्रार नाही, डॉक्टरांचं काम आहे. शब्दाने ते दिसलं पाहिजे.

आता ‘लागणे’ पाहा. नाद लागतो, चटक लागते, सवय लागते. पण भूक लागते, झोप लागते, गोडी लागते आणि मनही लागतं. अडकणं आणि बरं होणं मराठीने एकाच क्रियापदात ठेवलंय. ‘हळूहळू भूक लागू लागते, झोप लागू लागते, मग कामात मन लागतं’ या वाक्यात सुधारणेचा क्रमही येतो आणि एकही पुस्तकी शब्द लागत नाही. ‘करमत नाही’ वाटलं की आधी चार गोष्टी तपासायच्या, असा व्यसनमुक्तीत सल्ला असतो: भूक, राग, एकटेपणा, थकवा. मराठीत चारही ‘मला’नेच बोलतात: मला भूक लागलीय, मला राग आलाय, मला एकटं वाटतंय, मला थकवा आलाय. ते तसंच छापा.

‘मजा’ टाळलेली बरी. फारसीत तिचा मूळ अर्थ चव. तुर्कस्तानात दारूबरोबरच्या चकण्याला ‘मेझे’ म्हणतात तो हाच शब्द. ‘चैन’चीही पंचाईत आहे. ‘चैन पडते’ म्हणजे जिवाला स्वस्थता, पण ‘चैन करणे’ कुठे नेईल ते सांगायला नको.

राहता राहिलं ‘समाधान’. शेवटच्या प्रकरणासाठी, म्हणजे वर्षभरानंतरच्या स्थितीसाठी, माझं मत यालाच. ‘व्यसन’ शब्द वि + अस् यावरून आलेला, अस् म्हणजे फेकणं. संस्कृतात त्याचा अर्थ संकट असाही होता. अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात कौटिल्य पूर आणि दुष्काळाच्या जोडीला जुगार आणि मद्यपानही ‘व्यसनां’त धरतो. ‘समाधान’ सम् + आ + धा यांपासून, धा म्हणजे ठेवणं. एकात सगळं इतस्ततः फेकलं जातं, दुसऱ्यात एकत्र नीट ठेवलं जातं. अशी जोडी अनुवादकाला आयती मिळाली तर सोडू नये. फक्त क्रियापद सांभाळा. ‘समाधान वाटतं’, ‘समाधान लाभतं’ ठीक. ‘समाधान माना’ लिहिलंत की अर्थ फिरतो: पानात पडेल ते गिळा, तक्रार करू नका. दारू सोडलेल्याला घरातून हे पुष्कळ ऐकावं लागतं, पत्रकातून नको.

‘आंतरिक’ एखाद्या ठिकाणी ठेवायचाच असेल तर ‘रि’ ऱ्हस्व. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात दोनदा ‘आंतरीक’ झालंय.